घरात केसाळ अळ्या!! कसल्या आहेत? (अर्जंट)

मुक्ता_७: आज परत दोन निघाल्या. पेस्ट कंट्रोल करून महिना झाला तरी. मुलाच्या हातावर पुरळ आलंय, चावतात का या? लवकर सांगा प्लीज, परवा सासूबाई येतायत.

चहाबाज: ढेकूण. गाद्या उन्हात टाका.

रानवाटा: केसाळ ढेकूण कुठे पाहिलात? मुक्ता, कुठे निघतात, केवढ्या आहेत? फोटो टाका.

मुक्ता_७: फोटो ब्लर येतोय. तांदळाएवढ्या, तपकिरी पट्टे.

खमंग: भिंतीवर राखाडी पिशवी घेऊन सरकतो तो किडा असेल, आमच्या बाथरूममध्ये ढीगभर.

मुक्ता_७: पिशवी नाही हो, केसाळ म्हटलं ना! कपाटात, साड्यांच्या घड्यांत. पोकळ सालं पण सापडतात.

रानवाटा: हे आधी सांगायचं ना. कार्पेट बीटलच्या अळ्या. सालं म्हणजे त्यांची कात. कार्पेट नसलं तरी होतात, लोकर, रेशीम, पिसं, केस, मेलेले किडे सगळं खातात. चावत नाहीत, पण त्यांच्या झडलेल्या केसांनी काहींना खाज, पुरळ येतं, तरी डॉक्टरला दाखवा. २-३ मिमीचे ठिपकेवाले भुंगे खिडकीशी दिसले तर तेच मोठे झालेले. बाहेर कबुतरांचं घरटं आहे का?

मुक्ता_७: एसीमागे आहे. पिल्लं होती म्हणून काढलं नाही. आणि पैठणीला भोकं पडलीयेत, मला वाटलं कसर लागली 😭

आजोळ: डांबराच्या गोळ्या टाका. आईच्या ट्रंकेत वर्षानुवर्षं होत्या, एक साडी गेली नाही.

कडूकारलं: घट्ट बंद ट्रंकेत ठीक, उघड्या कपाटात काय उपयोग? आणि घरात लहान मूल आहे. जी६पीडीची (लाल रक्तपेशी जपणारं एंझाइम) जन्मतः कमतरता असलेल्या बाळांना तो वास फार वाईट पडतो, रक्तातल्या पेशी फुटतात. मूल केवढं आहे?

आजोळ: आम्ही सगळे त्याच वासात वाढलो, काही झालं नाही.

खमंग: आमच्या गव्हातपण केसाळ अळ्या आहेत, त्या याच का?

रानवाटा: तो खपरा असेल, त्याच कुळातला, पण त्याचा वेगळा धागा काढा. मुक्ता, साडी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आत पाणी धरतं. कपाटाचे कोपरे, फटी व्हॅक्यूम करा. पिल्लं उडाली की घरटं काढा, नाहीतर परत येणारच.

मुक्ता_७: दोन आठवडे??? पैठणी सासूबाईंचीच आहे, परवा लग्नाला नेसायला मागितलीये.

चहाबाज: येवल्याची का? आजकाल केवढ्याला मिळते?