‘इन’, ‘ऑन’ की ‘ॲट’? ठिकाण सांगताना दर वेळी अडखळतो, सल्ला हवा

अर्धविराम
नमस्कार मंडळी. इंग्रजी वाचायची मला अडचण नाही, लिहितोही बरं. पण मी कुठे आहे, वस्तू कुठे ठेवली आहे एवढं साधं सांगायचं झालं की गाडी अडते. परवा एका मित्राला बघायला रुग्णालयात गेलो होतो. आमचे साहेब ब्रिटिश. त्यांनी कुठे आहात विचारलं, मी उत्तर पाठवलं, ‘आय ॲम इन हॉस्पिटल’. पाच मिनिटांत तीन फोन! त्यांना वाटलं मलाच दाखल केलंय.

‘ॲट’ म्हणजे बिंदू, ‘ऑन’ म्हणजे पृष्ठभाग, ‘इन’ म्हणजे आत, हे शाळेत शिकलोय. मग बसमध्ये आपण आत बसतो तरी ‘ऑन द बस’ का? पक्षी झाडावर बसतो तरी ‘इन द ट्री’ का? यादी, ॲप, वही, काहीही सुचवा. पाठांतराची तयारी आहे.

चकवा
मीही याच रांगेत. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

शाईचा डाग
पाठांतराचं सोडा, चार दिवसांत विसराल. वीसेक वर्षं इंग्रजी शिकवल्यावर सांगते, आधी आपली मराठी नीट ऐका. ‘तो घरी आहे’ आणि ‘तो घरात आहे’ ही दोन वाक्यं एकच आहेत का? घरी असलेला माणूस अंगणात, गच्चीत कुठेही असू शकतो. घरात असलेला चार भिंतींच्या आतच हवा. ‘घरी’ म्हणजे ‘ॲट होम’, ‘घरात’ म्हणजे ‘इन द हाउस’. म्हणजे ज्या फरकाला तुम्ही घाबरताय तो तुम्ही बोलायला लागल्यापासून वापरताय.

गोची अशी की आपला हा ‘ई’ मोजक्या शब्दांनाच लागतो. घरी, दारी, गावी. ‘एअरपोर्टी’ कोणी म्हणत नाही. तिथे आपण ‘एअरपोर्टवर’ म्हणतो, त्याचं ‘ऑन द एअरपोर्ट’ करतो आणि ऐकणाऱ्याला आपण इमारतीच्या छपरावर चढलेले दिसतो. ‘दारात कोणीतरी उभं आहे’ याचंही तसंच, तिथे ‘ॲट द डोअर’ हवं. आपल्या ‘कडे’लाही बहुतेक वेळा ‘ॲट’च बसतो. डॉक्टरकडे आहे म्हणजे ‘ॲट द डॉक्टर्स’, मावशीकडे आहे म्हणजे ‘ॲट माय आंट्स’.

म्हणून ‘त’ आणि ‘वर’ यांचं भाषांतर करू नका. बोलणारा त्या जागेकडे कसा बघतोय ते विचारा. नकाशावरची खूण म्हणून बघत असेल तर ‘ॲट’, भिंती दिसत असतील तर ‘इन’. बाहेर पाऊस आहे आणि तुम्ही स्टेशनच्या आत थांबला आहात हे सांगायचं असेल तर ‘इन द स्टेशन’ही बरोबरच.

तुमच्या साहेबांची चूक नाही बरं का. ब्रिटिश इंग्रजीत ‘द’ न लावता ‘इन हॉस्पिटल’ म्हटलं की माणूस खाटेवर. भेटायला गेलेला ‘ॲट द हॉस्पिटल’. अमेरिकन लोक दाखल झालेल्यालाही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात. ‘इन प्रिझन’ लिहिताना मात्र दोन्हीकडे जपून, तो कैदीच.

अर्धविराम
घरी आणि घरात! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि बसचं काय?

निळाई
बसचा सोपा ठोकताळा: ज्या वाहनात उभं राहून चार पावलं टाकता येतात तिथे ‘ऑन’. बस, ट्रेन, विमान, जहाज. जिथे अंग चोरून शिरावं लागतं तिथे ‘इन’. कार, टॅक्सी, हेलिकॉप्टर, छोटी होडी. सायकल आणि घोडा यांच्या आत शिरता येत नाही, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. ‘ऑन’.

आणखी एक. ‘बाय बस’, ‘बाय कार’ चालतं, पण ‘बाय माय कार’ नाही. मध्ये ‘माय’ आलं की ‘इन माय कार’.

चकवा
आणि अगदी चिमुकलं विमान असेल तर? वाकूनच बसावं लागतं त्यात.

निळाई
त्याला ‘इन’ म्हणतातही. ठोकताळाच तो, कायदा नव्हे.

शाईचा डाग
झाडाचं राहिलं. फळ आणि पान ‘ऑन द ट्री’, कारण ते फांदीलाच लागलेलं. पक्षी मात्र पानांच्या गर्दीत शिरून बसलेला, म्हणून ‘इन द ट्री’. मराठीत आपण दोन्हीला ‘झाडावर’ म्हणून मोकळे होतो. पण ‘खुर्चीवर बसला’ आणि ‘खुर्चीत बसला’ हे दोन्ही म्हणतो की नाही? हातांची गुबगुबीत खुर्ची असेल तर इंग्रजीतही ‘इन’, साध्या स्टुलावर ‘ऑन’.

उलटा बाण
सगळे त्या तिघांच्याच मागे लागलेत. खरा घात ‘समोर’ करतो. मी एकदा फोनवर सांगितलं, ‘आय ॲम इन फ्रंट ऑफ द बँक’. समोरचा माणूस वीस मिनिटं बँकेच्या दारात मला शोधत होता आणि मी रस्त्याच्या पलीकडून त्याचीच वाट बघत होतो. मराठीत ‘बँकेसमोर’ दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत बँकेच्या पुढ्यात, त्याच बाजूला उभे असाल तर ‘इन फ्रंट ऑफ’. मध्ये रस्ता असेल आणि तोंडं एकमेकांकडे असतील तर ‘ऑपोझिट’ किंवा ‘अक्रॉस फ्रॉम’. ‘ऑपोझिट’च्या मागे ‘टु’ नको. रांगेत तुमच्या पुढे उभा असलेला ‘इन फ्रंट ऑफ यू’, टेबलापलीकडे बसलेला ‘ऑपोझिट यू’.

‘वर’चीही तीच गत. टेकलेलं असेल तर ‘ऑन’, मग ती छताला उलटी चिकटलेली पाल का असेना, ‘ऑन द सीलिंग’. टेबलाच्या बरोब्बर वर, न टेकता लोंबणारा दिवा ‘ओव्हर द टेबल’. नदीवरचा पूल ‘ओव्हर द रिव्हर’. पण लंडन थेम्सच्या काठी आहे, तर ते ‘ऑन द थेम्स’, कारण नदी ही रेषा आणि शहर त्या रेषेला लागून. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावाच्या नावातच तो ‘अपॉन’ येऊन बसलाय.

आणि दिशा! ‘उत्तरेला’ म्हणताना आत की बाहेर हे मराठी सांगतच नाही. स्कॉटलंड ब्रिटनच्या उत्तरेला, म्हणजे ब्रिटनमध्येच: ‘इन द नॉर्थ ऑफ ब्रिटन’. नॉर्वे डेन्मार्कच्या उत्तरेला, म्हणजे हद्दीबाहेर: ‘टु द नॉर्थ ऑफ डेन्मार्क’.

अर्धविराम
उलटा बाण, वीस मिनिटं वाचून हसलो, पण उद्या माझंही तेच झालं असतं. शाईचा डाग ताई, मग पुस्तक किंवा ॲप काहीच नको म्हणता?

शाईचा डाग
रिकाम्या जागा भरायची ॲप मला पटत नाहीत. तिथे तीन पर्यायांतून निवडायचं असतं, बोलताना पर्याय कोण देणार? त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी केलेला, भरपूर उदाहरणवाक्यं असलेला इंग्रजी शब्दकोश घ्या. आणि त्यात ‘ॲट’ शोधू नका, पानंच्या पानं निघतील. नाम शोधा. ‘कॉर्नर’ उघडलात की खोलीचा कोपरा ‘इन द कॉर्नर’ आणि रस्त्याचा ‘ऑन’ किंवा ‘ॲट द कॉर्नर’ हे एका जागी सापडेल. वहीत सुटा शब्द न लिहिता अख्खा तुकडा लिहा: ‘ऑन पेज टेन’, ‘इन द न्यूजपेपर’, ‘ॲट द टॉप ऑफ द पेज’.

निळाई
ॲपबद्दल असहमत. दिवसातून दहा मिनिटं तरी हात चालू राहतो. पण वहीला +१.

अवांतर: ईमेलच्या पत्त्यातलं ते गोल चिन्ह ‘ॲट’च. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ते निवडलं, अमुक माणूस अमुक यंत्रापाशी, या अर्थाने. मला ‘ॲट’ म्हणजे पत्ता हे त्यावरूनच लक्षात राहिलं. घरक्रमांक सांगतानाही ‘ॲट’ असतो, ‘ॲट टेन डाउनिंग स्ट्रीट’. नुसता रस्ता असेल तर ब्रिटिश बहुधा ‘इन’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन’.

उलटा बाण
आणि जिथे काहीच नको तिथे आपण हमखास घुसवतो. ‘रीच’ला ‘टु’ नको, खोलीत शिरताना ‘एंटर’ला ‘इन’ किंवा ‘इंटू’ नको, घरी जाताना ‘गो होम’ एवढंच. ‘अराइव्ह’ला लागतं, पण ‘टु’ नाही. शहरात, देशात पोचलात तर ‘इन’, स्टेशनवर, हॉटेलात ‘ॲट’.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. वही आणली. आज साहेबांना हे पाठवतोय, एकदा नजर टाका:

‘आय हॅव अराइव्हड ॲट द स्टेशन. आय ॲम ऑन द प्लॅटफॉर्म, नियर टु द स्टेअर्स, ऑपोझिट द क्लॉक.’

शाईचा डाग
‘नियर’नंतरचा ‘टु’ काढा. ‘क्लोज’ला लागतो, ‘नेक्स्ट’ला लागतो, इथे नको. बाकी पाठवा.

चकवा
आणि फोन हातात ठेवा.