लिनक्सचं 'प्रॉक' कुठून वाचायला घेऊ? (रॅम वाढवायची का, तेही सांगा)

परभणीकर_अभ्यासिका: रामराम मंडळी. अभ्यासिकेत 4 जीबी रॅमचं जुनं मशीन आहे, त्यावर लिनक्स टाकलंय. दुपारी पोरं सराव परीक्षा द्यायला बसली की ते पार गळून जातं. 'फ्री' चालवलं तर मोकळी मेमरी नावालाच दिसते. रॅम वाढवू का? आणि /प्रॉक (मशीनची चालू स्थिती दाखवणारा फोल्डर) मधल्या बहुतेक फायलींचा आकार शून्य दाखवतो, पण उघडलं की मजकूर असतो, हे कसं? इथं नेट धड चालत नाही, व्हिडिओ नका सुचवू.

गोदाकाठ_नांदेड: दादा, रॅमला पैसे घालायची घाई करू नका. त्या फायली डिस्कवर नसतातच. तुम्ही 'कॅट' (फाइल दाखवणारी कमांड) मारलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच वेळी आतली माहिती काढून मजकूर बनवून देतो, म्हणून आकार शून्य. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, फाइलसारखी वाचायची ही कल्पना टॉम किलियन यांनी 1984 मध्ये मांडली, बेल लॅब्जच्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. लिनक्सनं त्यात मेमरी, सीपीयू, सगळंच आणून ठेवलं. 'टॉप', 'पीएस', 'फ्री' या सगळ्या कमांड तिथूनच वाचतात.

आधी /प्रॉक/मेमइन्फो उघडा. 'मेमफ्री' सोडा, 'मेमअव्हेलेबल' बघा. रिकामी रॅम कर्नल फायलींच्या कॅशला (वाचलेल्या फायलींची रॅममधली प्रत) लावतो आणि प्रोग्रामला लागली की बरीचशी परत देतो. खरा अंदाज त्या ओळीत आहे. 2014 च्या 3.14 कर्नलपासून ती आहे.

बीडचा_गडी: /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस मध्ये 3 लिहा, मेमरी लगेच मोकळी होते. मी क्रॉनमध्येच (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) टाकलंय.

गोदाकाठ_नांदेड: भाऊ, हे कृपा करून कुणाला सांगू नका. कॅश उडवली की त्याच फायली पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात, मशीन आणखी रखडतं. ती सोय मुख्यतः चाचणीसाठी आहे. /प्रॉक/सिस मधलं वाचायला हरकत नाही, पण रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन लिहिलं की चालू कर्नलवर लगेच परिणाम होतो.

लातूरची_ताई: दादा, /प्रॉक/लोडॲव्हजी पण बघा. पहिले तीन आकडे म्हणजे लोडची, म्हणजे चालू किंवा रांगेत असलेल्या प्रोसेसची, 1, 5 आणि 15 मिनिटांची सरासरी. लिनक्समध्ये त्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कर्नल 4.20 किंवा पुढचा असेल तर /प्रॉक/प्रेशर/आयओ उघडा, डिस्कची वाट बघण्यात किती वेळ जातो ते त्यात दिसतं. काही ठिकाणी ते बंद ठेवलेलं असतं.

परभणीकर_अभ्यासिका: दुपारच्या गर्दीत पाहिलं. मेमअव्हेलेबल जवळपास 2 जीबी. सीपीयूचे कोअर 2 आणि लोड 6 च्या वर. 'टॉप'मध्ये सीपीयू निम्म्याहून जास्त रिकामा. प्रेशर फोल्डर नाही. ब्राउझरच्या प्रोसेसच्या /प्रॉक मधल्या 'स्टेटस' फाइलीत स्टेट बऱ्याचदा 'डी' येतंय.

लातूरची_ताई: मग रॅमचं काम नाही. 'डी' म्हणजे प्रोसेस बहुतेक करून डिस्कपाशी थांबलेली. जुनी फिरती हार्डडिस्क असणार. आज आधी पोरांच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या, मग 'स्मार्टसीटीएल'नं डिस्कची तब्येत तपासा. त्यानंतर साधी साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, 240 जीबीची पुरे.

परभणीकर_अभ्यासिका: फायली घेतो लगेच. ताई, जुनी डिस्क आहे तशीच्या तशी एसएसडीवर उतरवू का नव्यानं लिनक्स टाकू?

लातूरची_ताई: नव्यानंच टाका. डिस्क आजारी असेल तर खराब झालेलं सगळं नव्यावर येईल.