सुचायची वाट पाहायची, की रोज लिहायला बसायचं?

अबोली_ठाणे:
दिवाळी अंकांची आवाहनं यायला लागली की आमच्या लेखनगटात दरवर्षी तेच ऐकू येतं, "यंदा काही सुचलंच नाही." माझं मत स्पष्ट आहे. सुचत नाही, कारण आपण बसत नाही. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बसायला हवं. गदिमांचंच बघा. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक अशी ५६ गीतं झाली. पुढच्या आठवड्याचं प्रसारण डोक्यावर असताना "आज मूड नाही" म्हणून कसं चालेल? त्या घाईने गीतं उणी झाली असं कोणी म्हणेल का?

कातळ:
अजिबात पटलं नाही. गदिमांचा हात तोवर चित्रपटगीतांत आणि पटकथांत वर्षानुवर्षं बसलेला होता. रामकथा समोर होती, चाली द्यायला सुधीर फडके होते, वाट पाहणारे श्रोते होते. ऑफिसातून रात्री आठला डोंबिवलीला उतरणाऱ्या माणसाकडे यातलं काय असतं?

मी एका छोट्या अंकासाठी आलेल्या कथा वाचतो. सफाई वाढली आहे, हे खरं. पण ही कथा लिहिल्यावाचून लेखकाला राहवतच नव्हतं, असं फार थोड्या कथांत जाणवतं. रोजच्या सक्तीने पानं भरतात. कवी अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ चा, त्यानंतरचे थेट २००३-०४ च्या सुमाराचे. एवढं थांबायची तयारी आज कोणाची आहे?

रानवाट:
कातळ, छापलं नाही म्हणजे लिहिलं नाही, हे कुठून काढलंत? कोलटकरांची 'भिजकी वही' उघडून बघा. हिपेशिया, कॅसँड्रा, इसिस, कुठकुठल्या काळातल्या बायका त्यात आहेत. एवढं जाडजूड पुस्तक लहर आली म्हणून होत नाही, त्यामागे कित्येक वर्षांचं वाचन आणि खपणं असतं. कोलटकर छापायला थांबले. तुम्ही त्यांना लिहायचे थांबलेल्यांच्या बाजूला उभं करताय.

सई_पनवेल:
अबोलीताई, 'ठरलेली वेळ' वाचून मला रागच आला. पहाटे पाचला उठून लिहा म्हणतात, त्यांच्या घरी डबे कोण भरतं? माझ्याकडे सासूबाई अंथरुणाला आहेत. त्यांची हाक कधी येईल याला वेळापत्रक नाही.

म्हणून मी वेळ नाही, काम ठरवलं. दिवसभरात ऐकलेलं एक वाक्य किंवा पाहिलेली एक हालचाल, तेवढंच लिहायचं. भाजी फोडणीला टाकून फोनवर लिहिते, नाहीतर लोकलमध्ये. सुरुवातीला लिहायचे, "काकू रागावल्या." आता लिहिते, "काकूंनी चहा अर्धा ठेवला आणि कप बशीत असा आपटला की चमचा खाली पडला. उचलला कोणीच नाही." हा फरक मला कोणत्याही कार्यशाळेने दिला नाही. रोज बघायची सवय लागली, त्यातून तो आला.

कातळ:
सई, तो न उचललेला चमचा उत्तम आहे. पण माझं म्हणणं त्यानेच सिद्ध होतं. तुम्ही पानं भरत नाही आहात, तुम्ही बघताय.

अबोली_ठाणे:
सई, वेळेचं तुझं म्हणणं मान्य. ज्या घरात स्वतःचा अर्धा तास मिळत नाही, तिथे माझा नियम लागू होत नाही. पण विचारते, त्या नोंदींतून आजवर पूर्ण कथा किती झाल्या? माझ्या ओळखीत अशा वह्या पुष्कळांकडे आहेत. कथा अर्ध्यावर राहतात, कारण पुढचं पान कोणी मागत नाही. हरिभाऊ आपटे १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिक चालवत होते आणि त्यातच त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत होत्या. पुढचं प्रकरण वाचायला माणसं बसलेली असायची. आपल्याला साप्ताहिक काढायला नको, एक माणूस पुरे. दर दुसऱ्या रविवारी त्याच्या हाती दोन पानं द्यायची, कच्ची असली तरी.

रानवाट:
याला माझा पाठिंबा. फक्त तो माणूस घरचा नको. घरचे एक तर कौतुक करतात, नाहीतर "ही काकू म्हणजे आपली नंदाकाकू का?" म्हणून विचारतात. मग पुढचं लिहिताना हात आखडतो.

सई_पनवेल:
पूर्ण कथा एकही नाही, हे खरं आहे. चहाच्या प्रसंगाची सुरुवात झाली आहे, पुढे त्या घरात काय झालं ते मला माहीत आहे, पण लिहायला घेतलं की भीती वाटते. कातळ, तुम्ही इतक्या कथा वाचता, माझी वाचाल? कौतुक नको. जिथे कंटाळा येईल तिथे फक्त रेघ मारा.

कातळ:
वाचेन, आणि रेघाही मारेन. माझी एकच अट आहे. कथा पूर्ण झाल्यावर महिनाभर बाजूला ठेवा, मग परत वाचून पाठवा. रोज लिहा म्हणणारे या थांबण्याबद्दल कधी बोलत नाहीत.

अबोली_ठाणे:
महिनाभर? अंकांच्या मुदती जुलै-ऑगस्टमध्ये संपतात! सई, ऐकू नकोस. आहे तेवढं पाठव.

सई_पनवेल:
या रविवारी पहिली दोन पानं पाठवते. महिन्याचं पुढच्या कथेच्या वेळी बघू.