टीएमटी का सीटी अँजिओ? आप्पांसाठी विचारतोय

केळीवाला_रावेर: आप्पा ५८, शुगर जुनी. केळीचा घड खांद्यावर घेऊन बांध चढले का छाती दडपते, दोन मिनिटं बसले का मोकळं. साधा ईसीजी नॉर्मल. जळगावचे डॉक्टर म्हणतात आधी टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी), मी म्हणतो डायरेक्ट सीटी अँजिओ (सुईने डाय म्हणजे रंगाचं औषध देऊन हृदयाच्या नळ्यांचा स्कॅन) करा ना, एकदाच काय ते दिसेल.

भुसावळकर: काय भो, त्रास चालताना होतो तर बसल्या जागचा ईसीजी नॉर्मल येऊच शकतो! टीएमटी त्याच्यासाठीच असते, दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आन चढ वाढवतात, दम किती आहे, बीपी कसं चढतं तेही कळतं. ना सुई ना डाय.

पांझराकाठ: अन निगेटिव्ह आली म्हणजे सुटले का? नळी बरीच चोंदल्याशिवाय पट्ट्यावर काही दिसत नाही, बायकांमध्ये तर उलटं, काही नसताना पॉझिटिव्ह येते. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४१४६ जणांवर स्कॉट-हार्ट अभ्यास झाला, त्याचा २०१८ चा निकाल बघा. ५ वर्षांत हार्ट अटॅक किंवा हृदयरोगाने मृत्यू, नेहमीच्या तपासणीत ३.९ टक्के, सीटी जोडली तिथं २.३.

भुसावळकर: बघितलाय. सीटीच्या मशीनने कोणी वाचत नसतं, रिपोर्ट पाहून योग्य माणसाला गोळ्या सुरू झाल्या म्हणून फरक पडला असावा. आप्पांना शुगर आहे, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) तशीही लागणारच, विचारलं का कोणी? आन जुन्या शुगरवाल्यांच्या नळ्यांत कॅल्शियम साचलेलं असलं तर सीटीत ते पांढरंफटक चमकतं, ब्लॉक आहे त्याहून मोठा वाटतो, मग घाबरून खरी अँजिओग्राफी, म्हणजे हातापायातून हृदयापर्यंत नळी घालणं आलंच.

अमळनेरी: मग नुसता कॅल्शियम स्कोअर काढा (नळ्यांत कॅल्शियम किती साचलं ते साध्या सीटीवर मोजतात), डाय पण नको, शून्य आला का निवांत.

पांझराकाठ: त्रास नसलेल्याला ठीक. ज्याला चढावर दुखतंय त्याला शून्यावर सोडू नका, मऊ चरबीचा ब्लॉक त्यात दिसत नाही.

केळीवाला_रावेर: आप्पांचा गुडघा गेलाय, पट्ट्यावर चालतील कसे?

भुसावळकर: हे आधी सांगायचं ना बावा! मग स्ट्रेस इको (ताण देऊन हृदयाची सोनोग्राफी) नाहीतर थॅलियम (हृदयाला रक्त कुठं कमी पोचतं ते दाखवणारा स्कॅन), औषध देऊन हृदयावर चालल्यासारखा ताण आणतात, चालायची गरज नाही. सीटीच करायची तर आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, डाय किडनीतून जातो. ठोके ६० च्या आसपास लागतात, जास्त असले तर आधी ठोके उतरवायची गोळी देतात, ती दम्याला त्रास देऊ शकते, म्हणून दमा असेल तर तेही सांगून ठेवा. आन बसल्या बसल्या दुखायला लागलं तर टेस्ट शोधत बसू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

केळीवाला_रावेर: क्रिएटिनिन उद्याच काढतो. पण मी अजून सीटीवरच आहे, गुडघ्यामुळे तर जास्तच.