पिक्सेल ४ए साठी थांबू की दुसरा घेऊ? सप्टेंबरच्या आत हवाय

चाफेकळी, १४ जुलै २०२०
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. मी ठाण्यात असते, इथला लॉकडाऊन १९ पर्यंत वाढलाय, काम घरूनच चालू आहे. माझा फोन साडेतीन वर्षांचा झालाय, कॅमेरा संध्याकाळनंतर निकामीच, आणि मागचं कव्हर एका बाजूने उचललं गेलंय म्हणून रबरबँड लावून वापरतेय. डॉक्टरांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीये. पहिलंच बाळ. एक आजीआजोबा सांगलीला, दुसरे चिपळूणला, आणि सध्याचं सगळं बघता ते लगेच येऊ शकतील असं वाटत नाही, म्हणजे बाळाला ते आधी फोटोतच बघणार. त्यामुळे फोटो चांगले यायला हवेत हे माझ्यासाठी बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. बजेट ३० हजार, हाताला लहान हवा, दिवसभर मीटिंग असतात म्हणून वायरवाला इअरफोन लागला पाहिजे. हे सगळं बसतं ते फक्त गूगलच्या पिक्सेल ४ए मध्ये, पण तो येतच नाहीये. थांबू का?

पिक्सेलवेडा, १४ जुलै
ताई थांबा. मी जानेवारीपासून या फोनच्या मागे आहे म्हणून क्रमाने सांगतो. आधी सगळे मे धरून बसलेले कारण आधीचा पिक्सेल ३ए सुद्धा ७ मे २०१९ ला गूगल आय/ओ या त्यांच्या वार्षिक कार्यक्रमातच आलेला, यंदाचं आय/ओ १२ ते १४ मे ला होतं ते कोरोनामुळे मार्चमध्येच रद्द झालं. मग वाटलं ३ जूनला अँड्रॉइड ११ चा ऑनलाइन कार्यक्रम आहे त्यात दाखवतील, तो अमेरिकेतल्या आंदोलनांमुळे पुढे गेला आणि १० जूनला नुसता अँड्रॉइडचा बीटा (चाचणीसाठीची आवृत्ती) आला, फोनचं नावसुद्धा नाही. मग लीकवाले १३ जुलै म्हणत होते, काल तीही गेली. पण गूगलच्या कॅनडाच्या स्टोअरवर या फोनचा फोटो चुकून दिसला, आणि अमेरिकेत ३ए विकणं या महिन्यात बंद केलंय. म्हणजे फोन तयार आहे, जागा पण रिकामी केलीये, अडलंय ते दुसरंच काहीतरी. माझा अंदाज किमतीचा. एप्रिलमध्ये आयफोन एसई ३९९ डॉलरला आला आणि ४ए पण तेवढ्यालाच येणार अशी चर्चा होती, आता ३४९ ऐकतोय. एसईच्या शेजारी त्याच किमतीत ठेवला असता तर लोकांनी एसईच उचलला असता हो.

भारतात येणार का, तर मला वाटतं येणारच. पिक्सेल ४ आला नाही कारण त्यातला सोली रडार (हात न लावता हालचाल ओळखणारा) ६० गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याची आपल्याकडे परवानगी नव्हती. ४ए मध्ये तो रडार नाहीच असं सगळे लीक सांगतायत. ३ए अमेरिकेनंतर आठवड्याभरात, १५ मे ला इथे विक्रीला लागला होता. ऑगस्ट धरून चला.

मिरजकर, १४ जुलै
तारखांचा क्रम बरोबर आहे पण त्यावरून ऑगस्ट कसा निघतो ते मला कळत नाही. गेल्या वर्षी कारखाने चालू होते, विमानं चालू होती. यंदा जूनच्या शेवटी चीनहून आलेला माल आपल्या बंदरांवर आणि विमानतळांवर तपासणीसाठी अडकून पडला होता, त्यात सगळ्यांचे सुटे भाग होते. गेल्या वर्षीचं वेळापत्रक यंदा लावू नकोस रे.

आणि चाफेकळीताई, किमतीचं बघा. ३४९ डॉलर म्हणजे डॉलरला ७५ रुपयांनी २६ हजारांच्या वर. बाहेर बनलेला फोन आणला की त्यावर २० टक्के सीमाशुल्क, म्हणजे ३१ हजार चारशेच्या आसपास. त्यावर जीएसटी, जो १ एप्रिलपासून १२ चा १८ झालाय. ३७ हजार झाले. ३९९ डॉलरचा ३ए इथे ३९,९९९ ला आला होता तो याच हिशेबाने. कंपनीने पदरचं घातलं तर कमी होईल पण ३० मध्ये बसेल असं धरू नका.

न्यूजर्सीकर, १५ जुलै
इकडून पाठवता येईल का असं कोणी विचारायच्या आधी सांगते, नेहमीसारखी येजा बंद आहे, फक्त अडकलेल्यांना मायदेशी नेणारी वंदे भारतची विमानं, त्यातनं येणाऱ्या अनोळखी माणसाकडे फोन द्यायला मला तरी जमणार नाही. कुरिअरने पाठवला तर तिकडे ड्युटी लागतेच आणि इकडच्या फोनची वॉरंटी तिकडे चालेल असं धरू नका. माझ्या चुलतभावाला हौसेने एक पाठवला होता, त्याचा चार्जिंग पोर्ट गेला आणि तिकडच्या सर्व्हिस सेंटरने हात लावला नाही.

गल्ल्यावरचा, १५ जुलै
मी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, कल्याणला. पिक्सेल राहू द्या बाजूला. ताई, कव्हर उचललं गेलंय म्हणालात ना, ती बॅटरी फुगलीये. रबरबँड काढा आत्ताच, दाबून बसवू नका. चार्जिंगला लावू नका, उशाशी तर अजिबात नको. बंद करून फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात मोकळ्या जागेत ठेवा, आसपास कपडे कागद नकोत. स्वतः उघडायला जाऊ नका, फुगलेल्या सेलला टोक लागलं की पेट घेतो, मी डोळ्यांनी बघितलंय. दुकानं उघडली की बॅटरी बदलून घ्या, काही फार खर्च नाही, आणि जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता दुकानातच द्या. घरात बाळ येणार आहे म्हणून एवढं ओरडून सांगतोय, राग मानू नका.

चाफेकळी, १५ जुलै
राग कसला दादा, वाचून हात थरथरला. मला वाटायचं पडल्यामुळे कव्हर सैल झालंय. नवऱ्याने लगेच बंद करून गॅलरीत सावलीला ताटात ठेवला. आता हे त्याच्या फोनवरून लिहितेय. दोघांच्या मीटिंग एका फोनवर कशा होणार माहीत नाही पण ते बघू.

अर्धा_चहा, १५ जुलै
मग आता "थांबू का" हा प्रश्नच उरला नाही ना. घरात एक फोन आहे, त्यावरूनच सुरुवात करू. मिस्टरांचा कुठला आहे? स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असेल तर त्यात जीकॅम, म्हणजे पिक्सेलचं कॅमेरा अॅप, टाका. पिक्सेलचे फोटो चांगले येतात त्यात लेन्सपेक्षा सॉफ्टवेअरचा हात मोठा आहे, बटण दाबलं की तो एकाच्या जागी बरेच फोटो काढतो, थोडे कमी उजेडातले, आणि ते एकावर एक बसवून दाणे घालवतो. म्हणून तर एकाच १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर त्यांची वर्षं निघाली. हौशी लोकांनी तेच कॅमेरा अॅप बाकीच्या फोनसाठी जुळवून दिलंय. फोनचं मॉडेल टाकून शोधा, तुमच्यासारख्याच फोनवाल्यांनी कुठलं व्हर्जन चालतं ते लिहिलेलं असतं, तेच घ्या, भलत्याच साईटवरून उचलू नका.

नवीनच घ्यायचा झाला तर पोको एक्स२, १७ हजारांच्या आसपास. ४ए मध्ये ७३०जी प्रोसेसर येणार म्हणतायत तोच याच्यात आत्ता आहे, इअरफोनचं भोक आहे, जीकॅम मस्त चालतो. फक्त हाताला मोठा आहे, २०० ग्रॅमच्या वर.

पिक्सेलवेडा, १५ जुलै
जीकॅम म्हणजे पिक्सेल नव्हे, जुळवलेलं ते जुळवलेलंच. पण बॅटरीचं मी वाचूनही माझ्या डोक्यात आलं नाही, गल्ल्यावरचे दादा बरोबर आहेत. ताई, फोनशिवाय राहू नका.

दोन_लेकरांची_आई, १६ जुलै
फोन कुठलाही घे ग, पण हे लक्षात ठेव. फ्लॅश बंद. बाळाला खिडकीजवळ घे, सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर नको, पडद्यातून येऊ दे. ट्यूबलाईटखाली बाळं पिवळी दिसतात आणि मग आजी फोनवर विचारत बसते कावीळ नाही ना झाली, माझ्याकडे हे खरंच झालंय. आणि व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो टाकलास की तो दाबून लहान होऊन जातो, आईबाबांना धूसर दिसतो. गूगल फोटोजमध्ये एक शेअर केलेला अल्बम कर, सांगली आणि चिपळूण दोन्हीकडे त्यांच्या फोनवर आत्ताच चालू करून दे, सप्टेंबरमध्ये तुला वेळ मिळणार नाही. माझ्या धाकट्याच्या वेळी मी चांगल्या फोनची वाट बघत राहिले आणि त्याच्या पहिल्या महिन्याचे फोटो माझ्याकडे जेमतेम अकरा आहेत. ते मला अजून लागतं.

चाफेकळी, २४ जुलै
दुकानं उघडली, बॅटरी बदलली, माझा फोन मीटिंगपुरता चालतोय. नवऱ्याच्या फोनवर तिसऱ्या प्रयत्नात जीकॅम बसला. रात्री स्वयंपाकघरात एका दिव्यात डब्यांचा फोटो काढून बघितला, आधीच्या कॅमेऱ्यात नुसता चिखल होता, आता लेबलं वाचता येतात. २१ ला आलेला वनप्लस नॉर्ड पण बघितला, २७,९९९ ला ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज, बजेटमध्ये बसतो, पण इअरफोनचं भोक नाही आणि हाताला मोठा. आयफोन एसई ४२,५०० म्हणजे विषयच संपला. सध्या काहीच घेत नाही.

मिरजकर, २४ जुलै
योग्य केलंत. पैसे हातात राहिले की घाई होत नाही.

पिक्सेलवेडा, ४ ऑगस्ट
४ए आला काल. ३४९ डॉलर, ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज, ५.८१ इंच, वजन फक्त १४३ ग्रॅम, इअरफोनचं भोक आहे, रडार नाही, रंग एकच, काळा. बॅटरी ३१४० एमएएचची आहे, ती मला कमी वाटते. आणि भारतात ऑक्टोबर. मी ऑगस्ट म्हणालो होतो, ते चुकलं. गेल्या वर्षीचा एक आठवडा धरून मी तुम्हाला थांबायला सांगत होतो आणि तुम्हाला तारीख पाळायची होती, मनापासून माफी मागतो ताई. बाकी कोणी माझं वाचून थांबलं असेल त्यांनीही गरज असेल तर दुसरा घ्या, भारतातली किंमत अजून सांगितलेली नाही.

गल्ल्यावरचा, ४ ऑगस्ट
माफी कशाला, त्यांनीच ऑक्टोबर ठरवला त्याला तू काय करणार. सध्या माझ्याकडे मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी दहा-बारा हजारांचा फोन मागायला लोक येतात तर तेसुद्धा धड मिळत नाहीत, मागवले पाच तर येतात दोन.

चाफेकळी, २० सप्टेंबर
मुलगी झाली. ११ ला पहाटे. दोघी बऱ्या आहोत. पहिला फोटो हॉस्पिटलच्या खिडकीपाशी, फ्लॅश बंद, पडदा अर्धा ओढून. चिपळूणच्या आजोबांनी तो मोठा करकरून नखं मोजली आणि मला फोनवर सांगितलं, सगळी वीस आहेत.

दोन_लेकरांची_आई, २० सप्टेंबर
अग किती छान! दृष्ट काढ तिची. आणि रोज एक तरी काढ, चेहरा बदलत जातो.

पिक्सेलवेडा, ९ ऑक्टोबर
किंमत आली. ३१,९९९, आणि १६ पासून फ्लिपकार्टच्या सेलमध्ये २९,९९९. मिरजकर, तुमच्या ३७ पेक्षा बराच खाली आणला त्यांनी. ताई, तुमच्या बजेटमध्ये बसला बघा. ४ए ५जी आणि ५ मात्र इकडे येत नाहीयेत.

मिरजकर, ९ ऑक्टोबर
माझाही अंदाज चुकला आणि या वेळी चुकल्याचा आनंद आहे.

चाफेकळी, २४ ऑक्टोबर
घेतला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हातात आला. एका हातात ती आणि एका हातात हा, दोन्ही मावतात. ती झोपलेली असताना रात्रीच्या दिव्यात काढून बघितलं, नाईट साइटला (कमी उजेडातल्या फोटोंचा मोड) हात स्थिर धरावा लागतो आणि तिने मूठ हलवली की तेवढंच पुसट येतं, पण चेहरा स्पष्ट. पिक्सेलवेडा, तू म्हणाला होतास ते खरं आहे, जीकॅमपेक्षा हा पुढेच आहे. एक शेवटचं विचारते, नवऱ्याच्या फोनमधले सहाशे फोटो मूळ साईझमध्येच यात आणायचेत, एकही दाबला जायला नको. कसं करू?

अर्धा_चहा, २४ ऑक्टोबर
बॉक्समध्ये केबलबरोबर एक छोटा अडॅप्टर आला असेल बघा. तो नव्या फोनला लावायचा, त्यात जुन्या फोनची केबल, आणि नव्या फोनवरून फाईल्स उघडून कॉपी मारायची. इंटरनेट लागत नाही. दोन्ही फोन चार्ज करून बसा.

चाफेकळी, २४ ऑक्टोबर
सापडला अडॅप्टर. सुरू केलंय, २१४ झालेत.