केबलने धरलेला बीम: टेन्शन १०५० की २१००? आणि हिंजची रिअ‍ॅक्शन उणे का?

नटबोल्ट:
इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचं गणित आहे. ३ मीटरचा आडवा बीम, डावं टोक ए भिंतीला हिंजने जोडलेलं. एपासून २ मीटरवर बी बिंदूला केबल बांधली आहे, ती बीमशी ३०° कोन करून वर भिंतीकडे जाते. मोकळ्या टोकाला, सीला, ६०० न्यूटनचा भार. बीमचं वजन २०० न्यूटन, जाडी सगळीकडे सारखी. एभोवती मोमेंट (बळाचा फिरवण्याचा परिणाम) घेतले, टी म्हणजे केबलचं टेन्शन:

टी × २ = ६०० × ३ + २०० × १.५

म्हणजे टी = १०५० न्यूटन. पुस्तकात उत्तर २१०० आहे. ते धरलं तर हिंजची उभी रिअ‍ॅक्शन −२५० येते. सगळे भार खाली असताना हिंजनेही बीमला खालीच ओढायचं, हे पटत नाही. कुठे चुकतंय?

समतोल:
उजवी बाजू बरोबर आहे, २१०० न्यूटन-मीटर. चूक डावीकडे आहे. २ मीटर हे ए ते बी अंतर झालं. मोमेंटसाठी लागतं ते एपासून केबलच्या रेषेवर टाकलेल्या लंबाचं अंतर: २ × साइन ३०° = १ मीटर. म्हणून टी × १ = २१००.

कंपोनंट पाडूनही तेच येतं. टीचा आडवा भाग बीमच्या अक्षावरूनच जातो, म्हणजे एमधून जातो, त्याचा मोमेंट शून्य. उभा भाग टी × ०.५, तो २ मीटरवर. मात्र एकच पद्धत धरा. लंब अंतर १ मीटर घेऊन वर टीलाही साइन लावला, तर टी ४२०० येईल. पेपर तपासताना ही चूक नेहमी दिसते.

उत्तर −१०६३ च्या आसपास आलं तर कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर आहे.

मग आडवी रिअ‍ॅक्शन = २१०० × कॉस ३०° = १८१९ न्यूटन, भिंतीपासून बाहेरच्या दिशेने. उभी = ८०० − १०५० = −२५०. चिन्ह बदलू नका! एफबीडीवर (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे बीम सुटा काढून त्यावरची बळं दाखवणारी आकृती) बाण वर काढला होता, उत्तर उणे आलं, म्हणजे रिअ‍ॅक्शन खाली आहे. बाण खोडून पुन्हा सोडवायला बसलात तर अर्धी समीकरणं जुन्या दिशेने आणि अर्धी नव्या दिशेने होतात.

ओळंबा:
'पटत नाही' याचं उत्तर बीभोवती मोमेंट घेतले की मिळतं. टीची रेषा बीमधूनच जाते, हिंजची आडवी रिअ‍ॅक्शनही. दोन्ही बाद. बाहेर आलेल्या १ मीटरवरचा भार बीमला घड्याळाच्या दिशेने फिरवू पाहतो: ६०० × १ = ६००. बीमचं वजन बीच्या डावीकडे अर्ध्या मीटरवर आहे, ते उलट फिरवतं: २०० × ०.५ = १००. उरले ५००. एचं टोक वर उचललं जाऊ नये म्हणून हिंजला ते खाली दाबून धरावंच लागतं: ५०० ÷ २ = २५०. हा ताळा एका मिनिटात होतो आणि टीची किंमत चुकली असली तरी त्याला धक्का लागत नाही, म्हणून परीक्षेत तो नक्की करावा.

आता केबल सरकवून बघा. दोन्ही भार मिळून ८०० न्यूटन, एपासून २१०० ÷ ८०० = २.६२५ मीटरवर. केबल तिथे बांधली तर उभी रिअ‍ॅक्शन शून्य. अलीकडे बांधली तर खाली, पलीकडे बांधली तर वर. कोन तोच ठेवून सीला बांधली तर टी १४०० वर उतरतो आणि उभी रिअ‍ॅक्शन +१०० होते.

हिंज भिंतीला धरणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट निवडताना दिशा पुन्हा उलटी होते: हिंज बीमला खाली ओढतो, म्हणजे बीम ब्रॅकेटला २५० न्यूटनने वर ओढतो आणि १८१९ न्यूटनने भिंतीत दाबतो. म्हणून बीमची एफबीडी आणि ब्रॅकेटची एफबीडी वेगवेगळी काढा.

नटबोल्ट:
आता लख्ख समजलं. हिंजऐवजी बीम भिंतीला वेल्ड केला असेल तर?

समतोल:
मग एला मोमेंटची रिअ‍ॅक्शनही येते. अज्ञात चार, प्रतलातली समतोलाची समीकरणं तीनच. नुसत्या स्टॅटिक्सने सुटत नाही. बीम किती वाकतो आणि केबल किती ताणली जाते हे घ्यावं लागतं. ते स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये येईल.