बाळंतपणाच्या रजेवरून आले आणि रेटिंग खाली गेलं, काय करू?

निळी_शाई | 19 एप्रिल 2024

नमस्कार मंडळी. इथे हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतले बरेच आहेत म्हणून विचारते. कंपनीचं नाव लिहीत नाही, फेज 3 मध्ये आहे एवढं पुरे.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, या कंपनीत आठवं वर्ष. कधी पहिल्या नंबरात नव्हते आणि कधी शेवटच्यातही नव्हते, मधल्या गठ्ठ्यातली. 5 जून 2023 ला रजेवर गेले, 26 आठवडे पूर्ण करून 4 डिसेंबरला हजर. काल अप्रेझलचं बोलणं झालं. वीस मिनिटांतली पहिली आठ मॅनेजरचा माईक चालू करण्यात गेली. मग म्हणाला, "काम चांगलंय गं तुझं. पण आठ जणांत कुणीतरी खाली जाणारच, आणि तू तशीही अर्धं वर्ष नव्हतीस." पाचपैकी दोन. पगारवाढ शून्य. आवाजात राग वगैरे काही नाही, कँटीनमध्ये आज भाजी संपली हे सांगावं तसं.

पैशांपेक्षा लागलं ते वेगळंच. डिसेंबरमध्ये आल्या आल्या याच माणसाने जुन्या बिलिंग मॉड्यूलचं रिग्रेशन (नव्या बदलांनी आधीचं काही मोडलं नाही ना, ते पुन्हा तपासणं) माझ्या गळ्यात घातलं, कारण ते बाकी कुणाला येत नव्हतं. ते मी वेलनेस रूममध्ये दूध काढायचा पंप लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन संपवलंय. (त्या रूमची किल्ली ॲडमिनकडे. ॲडमिनवाला जेवायला गेला की आपण दाराबाहेर उभ्या. पण त्यावर स्वतंत्र धागा होईल.)

नवरा म्हणतो सोडून दे, सासूबाई म्हणतात अजिबात सोडू नकोस, आई फोनवर रडते. तिन्हींचा उपयोग नाही. रेटिंगवर आक्षेप घेता येतो का? आणि घेतला तर पुढच्या वर्षी डूख धरतात का?

कोथिंबीर_वडी | 19 एप्रिल

सेम टु सेम. मी परत आले तेव्हा माझा मॉनिटरसुद्धा दुसऱ्याच्या टेबलावर गेला होता. मुकाट राहिले, दीड वर्षाने कंपनी बदलली. नोटीसचे 90 दिवस चालू झाल्यावर त्याच मॅनेजरला मी "ॲसेट" वाटायला लागले. डूख धरायचं म्हणताय, त्यासाठी आधी आपण त्यांच्या लक्षात तरी राहायला हव्यात.

सडेतोड | 20 एप्रिल

राग मानू नका, पण उरलेल्या सात जणांनी सहा महिने तुमचं काम ओढलं. त्यांच्या बाजूने कुणी बोलणार की नाही?

निळी_शाई | 20 एप्रिल

ओढलं, खरंय. मग त्यांना वर न्या ना. त्यातल्या दोघांना तीनच मिळालेत. मला खाली ढकलून त्यांना काय मिळालं ते मलाही बघायचंय.

माजी_लीड | 20 एप्रिल

हे जिथे ठरतं त्या खोलीत मी (दुसऱ्या कंपनीत) चार वर्षं बसलोय. कबूल करतो, मीही एकाला असाच खाली टाकलाय. टीममध्ये नवा होता, वाद घालणार नाही याची खात्री होती. तिथे तुमचं काम कुणी वाचत नाही. एक एक्सेल उघडी असते. नावापुढे युटिलायझेशनचा आकडा (वर्षाच्या एकूण तासांपैकी किती टक्के तास तुम्ही कामाला लावले तो) आणि नशीब असेल तर क्लायंटचा एखादा कौतुकाचा मेल. खाली किती जण हवेत ते वरून ठरून आलेलं. प्रत्येक मॅनेजर आपापली माणसं वाचवतो, ज्याच्यासाठी कुणी बोलत नाही तो जातो. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची प्रतवारी 2013 मध्येच बंद केली, आपल्याकडे काही ठिकाणी ती अजून नाव बदलून नांदते आहे.

तुम्ही एकच विचारा: युटिलायझेशन कसं काढलं? एप्रिल-मे आणि डिसेंबर ते मार्च, म्हणजे सहा महिने तुम्ही कामावर. त्या सहा महिन्यांचे तास बाराने भागले असतील तर रोज पूर्ण दिवस राबूनही आकडा पन्नाशीच्या पुढे जायचा नाही. गोम बहुतेक इथेच आहे. मेलवर विचारा. फोन आलाच, तर ठेवल्यावर "आपलं असं असं बोलणं झालं" म्हणून दोन ओळी पाठवा.

खिडकीपाशी | 21 एप्रिल

वकील नाही, पण पगारपत्रकं बघण्यात बारा वर्षं गेलीत. मातृत्व लाभ कायदा 1961 चा, 2017 च्या दुरुस्तीने रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. या रजेमुळे कामावरून काढता येत नाही, रजा चालू असताना सेवाशर्ती तोट्याच्या करता येत नाहीत. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही द्यावी लागते (तुमच्याकडे आहे का? विचारून बघा, गंमत येईल). रेटिंगचा मात्र कायद्यात उल्लेख नाही, कंपन्या तिथूनच निसटतात. म्हणून मेलमध्ये "अन्याय" वगैरे नको. "रजेचा काळ छेदात धरला आहे का", बस. आणि रागाच्या भरात राजीनामा टाकू नका.

निळी_शाई | 26 एप्रिल

मेल केला होता. उत्तर फोनवर आलं, अगदी माजी_लीड म्हणाले तसं. माझं युटिलायझेशन 47 टक्के. रात्री लेक झोपल्यावर टाइमशीट काढून सहा महिन्यांचं मोजलं, तर 94. एचआर म्हणाल्या, "फॉर्म्युला सिस्टीमचा आहे, सगळ्यांना सारखाच." त्या दोन ओळी लगेच पाठवल्या, त्यावर चार दिवस चिडीचूप.

पाळणाघर कागदावर आहे. बाणेरला. मी राहते धायरीला.

दरम्यान कँटीनमध्ये दुसऱ्या टीममधल्या दोघी भेटल्या, त्याही गेल्या वर्षी रजेवर होत्या. एकीचा आकडा 49. दुसरीची रजा मार्चच्या अलीकडे-पलीकडे विभागली गेली म्हणून ती 70 वर सुटली. सोमवारी तिघी लिहितोय. मेल तिघींचा मिळून एक असावा की तीन वेगवेगळे?

माजी_लीड | 26 एप्रिल

तीन. एकाच दिवशी, आपापलं टाइमशीट जोडून.